माळढोकाचा माळ

महसुली दप्तरात काही शब्द असे आहेत की, ते एकदा जमिनीच्या नावापुढे पडले म्हणजे त्या जमिनीचे भवितव्य ठरून जाते. ‘पडीक’ हा त्यांपैकी एक. पोटखराबा, गायरान, वरकस हे त्याचेच भाऊबंद. परंतु पडीक या शब्दात जो तिरस्कार भरलेला आहे तो त्यांत नाही. जे पडले आहे ते उचलावे, नांगरावे, त्यावर पाणी खेळवावे, निदान चार झाडे तरी लावावीत, असे तो शब्द ऐकणाऱ्यास आपोआप वाटू लागते. सोलापूर जिल्ह्यात शिक्षकाच्या पेशात आमची छत्तीस वर्षे गेली. पडीक म्हणून नोंदलेल्या माळांचे त्या काळात काय झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे या शब्दाविषयी आमच्या मनात अढी बसली आहे, आणि तिची कारणे वाचकांपुढे ठेवावीत असे आम्ही योजिले आहे.

आमच्या प्राचीन ग्रंथकारांस माळ पडीक वाटत नव्हता. चरक व सुश्रुत यांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानिले आहेत. त्यांतील जांगल देश म्हणजे आज आपण जंगल म्हणतो ते नव्हे, किंबहुना त्याच्या अगदी उलट. जेथे आकाश मोकळे दिसते, पाणी बेताचे असते, खैर, शमी, बोर अशी काटेरी झाडे विरळ उभी असतात, हरणे व तित्तिर यांची वस्ती असते आणि माणसे सडपातळ परंतु काटक असतात, तो जांगल देश. पुढे याच शब्दाचा अर्थ निबिड अरण्य असा झाला व त्याच अर्थाने तो इंग्रजांनीही उचलला. शब्दांची अशी उलथापालथ होतच असते. परंतु या एका उलथापालथीत उघड्या माळाचे नावच आपल्या भाषेतून नाहीसे झाले हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मनूने तर कृष्णसार मृग जेथे स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य मानिला आहे. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. तो दाट रानात राहत नाही. गवताळ माळावरच राहतो. तेव्हा आमच्या धर्मशास्त्रकाराची पवित्र भूमी ही आजच्या तलाठ्याच्या हिशोबी बहुधा पडीकच ठरली असती!

हे माळ म्हणजे तोडलेल्या अरण्याचे अवशेष होत, अशी एक समजूत आहे व ती पुष्कळ सुशिक्षितांतही आढळते. सन 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय व लोकपरंपरा चाळून त्यांत आलेल्या रानटी वनस्पतींची नावे जमविण्यात आली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वनस्पती उघड्या माळरानावर वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्रात माळ होता आणि तो माळच होता. ज्या ग्रंथांतून आम्ही मुलांस केवळ व्याकरण व अलंकार शिकविले, त्यांतून कोणी गवताचा इतिहास काढावा याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले.

या माळाचा धनी म्हणजे माळढोक. नर उभा राहिला असता हातभर उंचीच्या गवतातून त्याची मान वर दिसते. वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फारच थोडे. सन 1982 मध्ये आमची पहिली नेमणूक उत्तर सोलापूर तालुक्यातील एका खेड्यात झाली, तेव्हा पावसाळ्याच्या दिवसांत शाळेच्या वाटेवर हा पक्षी आम्ही अनेकदा पाहिला. नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उभारून असा काही घुमतो की, दूर कोठे तरी रिकाम्या रांजणात कोणी हुंकार देत आहे असा भास होतो. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते व सुमारे सत्तावीस दिवस उबविते. एका वर्षाचे एक अंडे, आणि तेही मेंढरांच्या खुराखाली, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी! ज्याची संतती इतकी बेताची त्यास एक पिढी गमावणेही परवडत नाही.

एके काळी हे पक्षी किती होते याचा अंदाज एका गोऱ्या शिकाऱ्यावरून येईल. मॅन्सफील्ड नावाच्या या गृहस्थाने 1809 पासून 1829 पर्यंत एकट्या अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) 961 माळढोक मारले. एका बंदुकीने एका जिल्ह्यात मारलेल्यांची ही संख्या आहे. पुढे 1969 साली धर्मकुमारसिंहजी यांनी साऱ्या हिंदुस्थानात मिळून सुमारे 1,260 पक्षी उरल्याचा अंदाज केला. आज रानात मोकळे असलेले दीडशेहूनही कमी आहेत व त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूस आहेत. महाराष्ट्रात एखाददुसरा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आता याचे खापर लोकसंख्येवर फोडण्याची रीत आहे, आणि त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1901 साली 1 कोटी 94 लक्ष माणसे होती. 2011 च्या खानेसुमारीत ती 11 कोटी 24 लक्ष भरली. सहापटीच्या जवळ गेलेल्या माणसांस जमीन लागणारच. तथापि आम्ही जे पाहिले त्यावरून केवळ तोंडांची संख्या मोजून हा हिशोब सुटत नाही. ज्वारीच्या रानात माळढोक सुखाने वावरत असे. शाळूच्या व भुईमुगाच्या शेतात तो नाकतोडे व किडे टिपी, आणि शेतकरी त्यास हुसकीत नसे. कित्येक तर त्याच्या येण्याने संतोषच मानीत. ज्वारीवर माणसे जगत होती व माणसांबरोबर पक्षीही. भीमेवर उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले, कालवे आले, विहिरी खोल गेल्या आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. आज राज्यात सर्वांत अधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते, आणि हा पर्जन्यछायेतील जिल्हा आहे! उसाच्या फडात माळढोक शिरत नाही. शिरणे त्याच्या स्वभावातच नाही. दूरवर दृष्टी टाकून शत्रू ओळखणे हाच ज्याचा बचाव, त्याने दोन पुरुष उंचीच्या पिकात काय करावे? भाकरीसाठी जेवढी जमीन गेली त्याहून साखरेसाठी गेलेली त्यास अधिक भोवली, असे आमचे मत आहे. कोणास ते पटो वा न पटो.

सरकारने काही केले नाही असे नाही. 1979 साली नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, तालुक्याची ठाणी आली, आणि हजारो शेतकऱ्यांची खाजगी जमीन आली. वनखात्याच्या ताब्यातील खरा माळ मात्र तुकड्यातुकड्यांचा. नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा हात सैल सुटला की असे होते. आमचा एक जुना विद्यार्थी मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकावयास निघाला असता त्याचा व्यवहार याच कारणाने अडला. तो आम्हांस म्हणाला, “गुरुजी, पाखरू माझ्या रानात कधी उतरलं नाही, पन त्याचा बोजा माझ्या सातबाऱ्यावर हाय.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. परंतु मधल्या तीस वर्षांत ज्या पक्ष्यास गावकरी कौतुकाने पाहत असत त्याचे नाव काढताच कपाळाला आठ्या पडू लागल्या होत्या. कायद्याने जमीन राखता येते, मनुष्याची मर्जी राखता येत नाही.

आणि जो खरा माळ हाती होता त्यावर काय झाले? त्यावर झाडे लावण्यात आली. दुष्काळी भाग हिरवा करण्याच्या उत्साहात गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे गवताळ माळावर रांगेने उभी राहिली. झाडाच्या सावलीत कुसळी, मारवेल, पवन्या ही गवते मागे हटतात. गवत हटले की किडे जातात, आणि किड्यांमागे चंडोल, धाविक, खोकड सारेच जातात. देशातील ‘वेस्टलँड’चा जो नकाशासंग्रह 2000 साली सरकारने प्रसिद्ध केला त्यातही असे माळ ओसाड भूमीतच जमा आहेत. आमच्या गावाजवळच्या माळावर एका संस्थेने वृक्षारोपणाचा समारंभ केला, त्या वेळी फलकासाठी वृक्षमहिम्याचा एखादा संस्कृत श्लोक आम्हांकडे मागण्यात आला. तृणाच्या महिम्याचा चालेल काय, असे आम्ही विचारले. आलेले गृहस्थ थट्टा समजून मनमुराद हसले व शेवटी श्लोकावाचूनच फलक लागला.

राजस्थानातील पक्ष्यांपुढे निराळेच संकट आहे. तेथील वाळवंटी माळावर सूर्याची व वाऱ्याची वीज निर्माण होते आणि ती वाहून नेणाऱ्या तारा आकाशात पसरल्या आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे समोरचे त्यास नीट दिसत नाही, आणि देह इतका जड की आयत्या वेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये त्या तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम केला. मार्च 2024 मध्ये तो सरसकट हुकूम मागे घेऊन कोठे काय शक्य आहे हे पाहण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. धूर नसलेली वीज नको असे कोण म्हणेल? पण ती जागा पुन्हा ‘पडीक’ म्हणूनच निवडली गेली, हे विसरता येत नाही. तेथेच 2019 पासून पिंजऱ्यात पैदास चालू असून ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. आता अशा रीतीने सांभाळलेले पक्षी पन्नासाहून अधिक आहेत. त्यांतील काही उद्या दख्खनकडे सोडावयाचे ठरले, तर सोडणार कोठे, हा प्रश्न आहेच.

वर सांगितलेल्या आमच्या विद्यार्थ्याजवळ चार एकर मुरमाड तुकडा अजून आहे. कालवा तेथे चढत नाही, म्हणून ऊसही नाही. श्रावणात त्यावर कुसळी गुडघाभर वाढते, काळविटे येतात, आणि पावसाळा सरल्यावर धनगरांची मेंढरे बसविल्याबद्दल त्यास थोडेफार मिळते. गेल्या वर्षी तो तुकडा सूर्यशक्तीच्या तावदानांसाठी भाड्याने मागावयास एक मनुष्य येऊन गेला. भाडे बरे आहे. काय करावे, असे विचारण्यास तो आम्हांकडे आला, तेव्हा आम्ही त्यास कागद-पेन्सिल दिली व मेंढरांचे, गवताचे आणि लेंडीखताचे सालाचे उत्पन्न एका बाजूस मांडावयास सांगितले. काळविटांचे काय लावू, असे त्याने विचारले. तो रकाना आम्ही तूर्त कोराच ठेवविला आहे. हिशोब अजून पुरा झालेला नाही.