प्रीॲम्प सगळ्यात शेवटी

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचंय म्हणून कुणी विचारायला आलं, की माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं असायचं: माइक साधा चालेल, पण प्रीॲम्प वेगळा आणि चांगला घ्या. आता मी तसं सांगत नाही. पैसे विचारणाऱ्याच्या खिशातून जातात, म्हणून मत का बदललं ते नीट सांगायला हवं.

आमच्या पुणतांब्यात रेकॉर्डिंग म्हणजे मुख्यतः भजन. गावात चांगदेवांची समाधी, शेजारून गोदावरी, त्यामुळे हरिपाठ, काकडा, सप्ताह हे इथे घरोघरचं. हल्ली भजनी मंडळातल्या तरुणांना आपला अभंग नीट ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकावासा वाटतो. आवाज एक, पेटी एक, पखवाज एक, मागे टाळकरी. जागा म्हणजे घरातली पुढची खोली, फरशीची आणि पत्र्याची.

माझं जुनं मत हवेतलं नव्हतं. माइकमधून निघणारा विद्युतदाब व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात असतो. तो शेकडो पटींनी वाढवायचं काम प्रीॲम्प करतो, आणि वाढवताना स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो. पूर्वीच्या स्वस्त इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या आणि पोटात स्वतःचा प्रीॲम्प असलेल्या डब्यात, गेनचं बटण शेवटच्या टप्प्यात नेलं, की आवाजाबरोबर ‘सूंऽऽ’ असा हिस्स वर यायचा. मंद्रातली ओळ त्या हिस्साखाली बुडालेली मी ऐकली आहे. वेगळ्या प्रीॲम्पवर तीच ओळ उघडी व्हायची. तेव्हाचा सल्ला त्या अनुभवातून आलेला होता.

दरम्यान यंत्रं बदलली. फोकसराइट स्कारलेट 2i2 या इंटरफेसचंच घ्या. 2019 च्या तिसऱ्या पिढीत त्याचा जास्तीत जास्त गेन 56 डेसिबल होता, 2023 च्या चौथ्या पिढीत तो 69 झाला. शुअर एसएम7बी सारख्या मंद माइकला निदान 60 लागतात. म्हणजे ज्या कामासाठी आपण वेगळी पेटी आणायचो, ते काम आता इंटरफेसच्या पोटातच होतं. खरखरीचंही तेच. या वर्गातल्या प्रीॲम्पची स्वतःची खरखर उणे 128 डीबीयूच्या आसपास असते. नुसता 150 ओहमचा रोध टेबलावर ठेवला, तरी उष्णतेमुळे त्यात उणे 131 च्या जवळपास खरखर असतेच. तिच्याखाली जगातला कुठलाही महागडा प्रीॲम्प जाऊ शकत नाही. सगळी झुंज या मधल्या काही डेसिबलांसाठी आहे.

हा आकडा खोलीच्या भाषेत आणला तेव्हा मला खरी उमज पडली. एसएम58 सारखा डायनॅमिक माइक लावला, तर उणे 128 डीबीयूची ती खरखर खोलीतल्या साधारण 18 डेसिबल आवाजाइतकी भरते. पंखा चालू असलेल्या खोलीत 40 च्या घरात गोंगाट सहज असतो. जास्त संवेदनशील कंडेन्सर माइक घेतला, तर प्रीॲम्पची खरखर माइकच्या स्वतःच्या खरखरीखाली गडप होते. आपण 18 चे 16 करायला पैसे मोजतो आणि 40 चा पंखा डोक्यावर फिरत राहतो. विहिरीतच गढूळ पाणी असेल, तर मोटर बदलून ते निवळत नाही.

एका संध्याकाळी अभंग चालू असताना लाईट गेली. पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर आला, गाणाऱ्या महाराजांनी डोळे मिटलेले होते ते गातच राहिले. नंतर हेडफोन लावून ऐकलं, तर लाईट गेल्या क्षणापासून पुढचं रेकॉर्डिंग वेगळ्याच घरात केल्यासारखं होतं. पंख्याची हवा गेली, ते अपेक्षितच होतं. पण खालून सतत येणारी ‘घूंऽऽ’ सुद्धा गेली होती, आणि तिला मी कितीतरी दिवस इंटरफेसच्या खात्यावर टाकत होतो. ती वायरिंगमधून येत होती. घराला धड अर्थिंग नव्हतं, चार्जरमधून गळणारा करंट केबलच्या जाळीवाटे माइकच्या रेषेत शिरत होता. माइक, प्रीॲम्प, गेन, सगळं तेच होतं.

त्यानंतर मी अंतराकडे नीट लक्ष दिलं. माइक तोंडापासून दोन वितींवर होता तो एका वितीवर आणला, की आवाज सुमारे 6 डेसिबलांनी वाढतो आणि खोली आहे तिथेच राहते. हे फुकट मिळतं. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘फ’ फुटतात, म्हणून माइक किंचित तिरका धरायचा. मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्या, की पत्र्याचा घुमारा बराच उतरतो.

महागड्या प्रीॲम्पचा रंग असतो, हे मी नाकारत नाही. रुपर्ट नीव यांची ट्रान्सफॉर्मर असलेली यंत्रं, 1985 च्या सुमारास जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओसाठी केलेला फोकसराइटचा आयएसए 110, यांचा लौकिक उगाच नाही. पण तो रंग शांत, बांधीव खोलीत आणि उत्तम माइकपुढे उमटतो. रिबन माइक वापरणाऱ्याला, किंवा हळू बोलणाऱ्याचा आवाज दुरून टिपणाऱ्याला आजही जास्तीचा स्वच्छ गेन लागतो. त्यांनाही आधी माइक आणि इंटरफेसच्या मधे बसणारा छोटा बूस्टर पुरतो. फँटम पॉवरवर चालणारा असा बूस्टर 25 डेसिबलांच्या आसपास गेन देतो.

पैशाचं मला विशेष वाटतं. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप याच गावातून उभा राहिला. मालाला भाव मिळत नाही आणि खर्च आधी करावा लागतो, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. कांद्याच्या पट्टीतून वाचवलेले पैसे घेऊन कुणी ‘काका, कोणता प्रीॲम्प घेऊ?’ असं विचारतो, तेव्हा त्याला चुकीच्या जागी खर्च करायला लावणं मला आता जमत नाही.

मंडळानं यंदा वर्गणी जमवली आहे. वेगळा प्रीॲम्प यादीतून काढायला लावला. त्याऐवजी गायकासाठी एक कंडेन्सर माइक, पखवाजासाठी एक डायनॅमिक, दोन चांगल्या एक्सएलआर केबल आणि भक्कम स्टँड घ्यायचे ठरले. वायरमनला बोलावलंय. घरामागे खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरून अर्थिंगची पट्टी पुरायची, आणि ते काम माइक यायच्या आधी उरकायचं.