बाहेर खाणं, थोडं 'घेणं' आणि आम्ही ग्वाल्हेरकर



आपल्या समूहावर बहादुराचे लाडू, गजक, नया बाजार, महाराज बाडा यांवर पुष्कळ लिहून झालं. आज जरा अवघड विषय घेतोय. बाहेर बसून खाणं आणि थोडी बिअर घेणं. मी पिणाऱ्यांची वकिली करायला बसलेलो नाही. पण हा विषय आपल्या मराठी घरांत ज्या पद्धतीने गप्प ठेवला गेला, त्याबद्दल बोलायचं आहे.

माझा जन्म 1951 चा, लष्करातल्या दाणाओळीतला. त्या काळी बाहेरचं खाणं म्हणजे कचोरी, बेडई, जिलबी. तीही दोन्यात बांधून घरी आणायची (आम्ही ग्वाल्हेरकर द्रोणाला दोनाच म्हणतो) आणि पाटावर बसून खायची. दुकानात बाकावर बसून खाणारा मुलगा वाया गेलेला. आमच्या आजीने आत्याचं एक स्थळ एवढ्यावरच मोडलं होतं, "हाटेलात बसतो म्हणे तो!" बायकांचा तर प्रश्नच नव्हता.

बँकेत लागलो, लग्न झालं आणि 1979 साली जबलपूरला बदली झाली. तिथे हिला पहिल्यांदा इंडियन कॉफी हाऊसमध्ये नेलं. 1957 साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढून ती चालवायला घेतली, त्यांतलं हे. तुरेवाला फेटा बांधलेला बेअरा पाणी घेऊन आला, तर ही पदर सावरून उभीच राहिली. तिला वाटलं, महालातला कोणी चोपदार आहे! पुढे दर महिन्याच्या पगाराला तिथला डोसा ठरलेला. नवरा-बायकोने समोरासमोर बसून एका वेळी जेवायचं, हे आम्ही तिथे शिकलो. घरी आधी पुरुषांची पंगत, मग बायका.

आता 'घेण्या'कडे वळतो. आपल्या जयविलास महालातली चांदीची आगगाडी सगळ्यांनी पाहिली असेल. माधवराव महाराजांच्या काळची. जेवण झालं की टेबलावरच्या रुळांवरून ती पाहुण्यांसमोर फिरायची, डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. सुरई उचलली की गाडी थांबायची. म्हणजे महालात ही गोष्ट झुंबराखाली, सगळ्यांदेखत चालत होती. महालापासून मैल-दीड मैलावरच्या आमच्या वाड्यात मात्र तो शब्दसुद्धा उच्चारायची सोय नव्हती.

आणि आमच्या घरात पिणारं माणूस होतं. माझे मोठे काका. सरकारी नोकरी, सुंदर अक्षर, गणपतीत आरती म्हणायला सगळ्यांत पुढे. संध्याकाळी "जरा बाड्यावर जाऊन येतो" म्हणून निघायचे ते कलारीकडे. परत यायला रात्रीचे अकरा. तोवर त्यांचं ताट स्वयंपाकघरात दुसऱ्या ताटाने झाकलेलं असायचं. काकू भिंतीला टेकून जागी. ते एकटे जेवायचे, मान खाली घालून. सकाळी कोणी काही बोलायचं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले, पोटात पाणी होऊन, डोळे पिवळेधमक. भेटायला येणाऱ्यांना घरच्यांनी सांगितलं, "कावीळ झाली होती." आजही जुने नातेवाईक कावीळच म्हणतात.

मध्यंतरी काळ बदलला. कलारीला लागून अहाते आले, मग 1 एप्रिल 2023 पासून आपल्या मध्यप्रदेशात सगळे अहाते बंद झाले. ठीकच झालं. पण अहाता बंद झाल्याने एकट्याने, लपून पिणं बंद होतं असं मला वाटत नाही. काकांच्या वेळी तर कोणी अहाता पाहिलाही नव्हता.

गेल्या दिवाळीत आम्ही मुलाकडे पुण्याला गेलो होतो. एका रविवारी दुपारी मुलगा-सून म्हणाले, बाणेरला मायक्रोब्रुअरीत जेवायला जाऊ. पुण्यात हा प्रकार 2009 साली डूलॅलीने सुरू केला. ते नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत पडून असायचे आणि कंटाळून वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला! आम्ही गेलो ती जागा दुसरी होती. काचेपलीकडे स्टीलच्या मोठ्या टाक्या, अलीकडे टेबलं, त्यांवर आजी-आजोबा, पोरंटोरं, सगळे.

एका फळीवर सहा छोटे ग्लास आले. तिथला तरुण माहिती देत होता : जवाचा माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी, मूळ सामान एवढंच. माझ्यातला लोन ऑफिसर काही गप्प बसेना. माल तयार व्हायला किती दिवस, टिकतो किती? तो म्हणाला, एल साधारण दोन आठवड्यांत होते, लागरला महिना किंवा जास्त लागतो. लागरने टाकी अडकून राहते, म्हणून छोट्या जागी एलच जास्त. शिवाय ही ताजी बिअर फार दिवस ठेवता येत नाही. म्हणजे भांडवल भराभर फिरायला हवं. मी मनातल्या मनात प्रपोजल मंजूर केलं!

एका ग्लासाचा वास घेऊन ही म्हणाली, "यात धने आहेत का हो?" तो मुलगा थक्कच झाला. खरंच, बेल्जियन पद्धतीच्या त्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल होती. हिने चमचाभर चाखली आणि निकाल दिला, "उगीच वाया घालवले धने." सगळे हसलो. नात लिंबू-सोडा पीत होती, तीही हसली.

हसता हसता मुलाने विचारलं, "बाबा, आपल्याकडे कधी कोणी घ्यायचं का हो?"

मी सांगितलं. काका, कलारी, झाकलेलं ताट, सगळं. हिने काकूकडून ऐकलेलं सांगितलं : जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून काकूला आजची रात्र कशी जाणार ते कळायचं. सून ऐकत होती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गेल्या वर्षी चेकअपमध्ये माझे लिव्हरचे आकडे वाढलेले होते. फॉर्मवर विचारतात, घराण्यात कोणाला लिव्हरचा त्रास? मी दर वेळी 'नाही' लिहीत आलो."

त्याने दुसरा ग्लास मागवला नाही. सुनेने सगळ्यांसाठी पिझ्झा मागवला, आम्ही पोटभर जेवलो. पुढच्याच आठवड्यात तो डॉक्टरांना भेटून आला. नव्या तपासण्या झाल्या. सध्या बिअर बंद आहे, रविवारचं बाहेर जेवणं चालू आहे.

ग्वाल्हेरलाही आता सिटी सेंटरच्या रेस्टॉरंटांत रविवारी आपली मराठी घरं दिसतात. सत्तरीच्या बायका मुलासमोर बसून मेन्यू वाचतात, सुनेला विचारून ऑर्डर देतात. मला ते बघायला फार आवडतं. त्या टेबलावर कोण किती खातो, कोण किती पितो, हे सगळ्यांना दिसतं. आमच्या काकांना तसं बघणारं कोणी नव्हतं, कारण बघायचं नाही असंच ठरलेलं होतं.

तुमच्याही घरात एखादी अशी 'कावीळ' असेल. इथे नावं लिहू नका, गरज नाही. मुलांना मात्र सांगून ठेवा.