नाडी आणि चढण

थानावर स्वस्थ उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला साधारण 30 ते 40 ठोके पडतात. भरधाव वेगात ते 220च्या आसपास जातात. सुमारे 120पासून 200पर्यंत वेग वाढेल तसे ठोके जवळजवळ सरळ रेषेत वाढतात. त्याखाली मात्र आकडा एकट्या श्रमाचा राहत नाही. झुडपातून फडफडत उठलेला तित्तिर, मागे राहिलेला सोबतचा घोडा, खुरात रुतलेला खडा, कशानेही तो चढतो. लांब पल्ल्याच्या घोड्याचा बराचसा सराव पाऊलचालीत आणि संथ दुडकीत होतो, म्हणजे नेमका याच संदिग्ध भागात.

वेगाची जोड नसेल तर ठोक्याचा आकडा मुका राहतो. मे 2000मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि पुढे मनगटावरच्या यंत्रालाही घोड्याचा वेग भरवशाने सांगता येऊ लागला. चढाचे तसे नाही. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या अंतरापेक्षा कच्ची असते, आणि घाटातल्या झाडीखाली यंत्र वळणे कापून अंतर कमी भरते. म्हणून प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षे एकच चढण धरून आहे: उघड्या माळावरची, दोन खुणेच्या दगडांमधली, 800 मीटरची. दर मंगळवारी उजाडताच, ठरलेल्या दुडकीने. वर पोचले की थांबायचे आणि ठोके 64वर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. आंतरराष्ट्रीय सहनशक्ती-शर्यतींत पशुवैद्य अनेक वर्षे याच आकड्यावर घोडा पुढे सोडत आले आहेत.

ठोके मोजणारा पट्टाही फसतो, पण ते ओळखता येते. घोड्याच्या हृदयालेखातली टी-लहर उंच असते. माणसासाठी बनवलेले यंत्र तिला कधी कधी दुसरा ठोका समजते आणि 36च्या जागी 72 दाखवते. कसलेल्या घोड्याचे हृदय विश्रांतीत मधूनच एखादा ठोका गाळते. काम सुरू झाले की हे गाळणे थांबते. दोन्ही गोष्टी जबड्याखालच्या धमनीवर ठेवलेल्या बोटांना कळतात.

साठीनंतर लेखकाची बोटे बधिर होत गेली आणि पट्टा घ्यावा लागला. तरी कित्येक महिने आधी बोटांनी 15 सेकंद मोजायचे, चारने गुणून आकडा मोठ्याने सांगायचा आणि मगच मोतद्दाराला पडदा वाचायला लावायचा, अशी सवय राहिली. आकडे जुळले की छाती फुगे. जुळले नाहीत की दोष तंगाखालच्या कोरड्या केसांना दिला जाई.

हा गर्व एका घोडीला भोवला. सलग दोन मंगळवार त्याच चढणीवर, त्याच वेगाला, तिचे ठोके नेहमीच्या 142ऐवजी 155च्या घरात राहिले आणि उतरायला दीड मिनिट जास्त लागले. चाल सरळ होती, चंदी संपत होती. वारा फार होता, म्हणून लेखकाने ते बुजणे ठरवले. मागच्या उजव्या नळीवर हात गेला की घोडी कान पाडते, हे मोतद्दाराच्या मुलाने सांगितले होते. ते ऐकून घेतले आणि सोडून दिले. तिसऱ्या मंगळवारी ती चढणीच्या मध्यावर लंगडली. नळीमागचा अस्थिबंध दुखावला होता. आठ महिने तिच्यावर खोगीर चढले नाही.

त्या दोन मंगळवारांचे ठोक्यांचे आलेख नंतर शेकडो वेळा पाहिले गेले. भीतीचा ठोका काट्यासारखा दिसतो: क्षणात चढतो आणि घोडा सावरला की उतरतो. दुखण्यात पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत सगळी रेघच वर सरकते. उकाड्यात आणि अंगातले पाणी कमी पडल्यावर रेघ हळूहळू चढत जाते. मोजणी गार पहाटे ठेवायची ती यासाठी. पण जागेला सरावला नसलेल्या घोड्यात भीतीही सपाट पसरते, आणि तिथे हा भेद हात टेकतो. रिजवे चाचणीत नाडी मोजून घोडा थोडे अंतर दुडकीने नेऊन आणतात आणि निघाल्यापासून एका मिनिटाने पुन्हा मोजतात. दुसरा आकडा चढलेला निघाला तर शंका घ्यावी. नवख्या घोड्यात तीही शंकाच राहते.

नवे स्वार रोज वेगळी वाट धरतात आणि संध्याकाळी फोनवरची सरासरी एकमेकांना दाखवतात. अशा आकड्यांना तुलनेची जागाच उरत नाही. आखातातल्या सपाट वाळवंटी मार्गांवर 160 किलोमीटर ताशी 20हून अधिक वेगाने कापले जातात, आणि त्या वेगाचे आकर्षण इथेही वाढते आहे. कॅलिफोर्नियातली टेव्हिस शर्यत 1955पासून सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून 100 मैलांसाठी 24 तास देते आणि शेवटीही घोडा पुढे चालण्याजोगा आहे का, ते तपासते. लेखकाच्या मते कस तिथे लागतो.

घोडी आता पुन्हा त्या चढणीवर जाते. पडदा मोतद्दाराचा मुलगा वाचतो. खोगीर चढवण्याआधी तो चारही नळ्यांवरून हात फिरवतो, आणि त्याला जे लागते ते वहीत ठोक्यांच्या आधीच्या रकान्यात लिहिले जाते.