दवाखान्यातलं जेवण

आमच्या घरात ‘कॅसरोल’ म्हणजे पोळ्या गरम ठेवायचा डबा. त्यामुळं पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं फोनवर, ‘‘आई, चिकन कॅसरोल करून बघ, आजोबांना चालेल,’’ असं सांगितलं तेव्हा मी आधी त्या डब्याकडंच बघितलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ दांड्याचं पातेलं, आणि त्यात शिजणाऱ्या पदार्थालाही पुढं तेच नाव पडलं, हे मागाहून शब्दकोशात पाहिलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

आजोबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर आण्णा शहापूरचं घर बंद करून आमच्याकडं राहायला आले. इथं माझ्या सासूबाई, अव्वा, होत्याच. अव्वा गोकाककडच्या; त्यांच्याशी आमचं सगळं कन्नडमधून. आण्णांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठी खाल्लेली. माझ्या लग्नाला ते उभे राहिले, नाही असं नाही. पण नंतरच्या बावीस वर्षांत व्याही-विहिणीचं बोलणं नमस्कारापलीकडं गेलं नाही. आता दोघं एकाच टेबलाला, मध्ये पाण्याचा तांब्या.

त्यात आण्णांना अल्सर, अव्वांना रक्तदाब आणि दातांचा त्रास. डॉक्टरांनी एकाचं तिखट तोडलं, दुसरीचं मीठ. आण्णांचा कांदा-लसूण मसाल्यातला लालभडक रस्सा गेला, अव्वांचा हिरव्या मिरचीचा ठेचा गेला. रविवार आला की घरात सुतक असल्यासारखं वाटायचं.

म्हणून हा खटाटोप. पाऊण किलो चिकन, हाडासकट तंगडीचे तुकडे. छातीचं मांस जास्त वेळ शिजलं की चोथा होतं. खडेबाजारातून आणलेले चार कडोलीकडचे बटाटे, एक रताळं, दोन गाजरं, मूठभर फरसबी. चिकन लोण्यावर तांबूस परतून बाजूला काढलं. त्याच लोण्यात दोन कांदे, सहा लसूणपाकळ्या, चमचाभर मैदा, तमालपत्र, नावाला मिरी. वरून दही आणि तीन टोमॅटो, हे माझं स्वतःचं डोकं. दीड कप पाणी घालून, झाकून भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, १८० अंशांवर. तासाभरानं चिकन हाडावरून सुटत होतं. बटाटे मात्र दगड.

तसंच वाढलं. आण्णांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. ‘‘दवाखान्यातलं जेवण की गं हे!’’ नेमक्या त्याच क्षणी पलीकडून अव्वा पुटपुटल्या, ‘‘दवाखानि ऊटा!’’

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आण्णांना हसू आवरेना, ठसकाच लागला. अव्वांनी तांब्या पुढं सरकवला. ‘‘बरोबर बोलल्या विहीणबाई,’’ असं म्हणून आण्णा पाणी प्यायले. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात का होईना, दोघांचं एकमत झालं. मला राग यायला हवा होता; आला नाही.

बटाट्यांचं कोडं स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या बाईंनी सोडवलं. आंबट पडलं की बटाटा लवकर मऊ होत नाही. आंबट नेहमी बटाटे शिजल्यावर. आमटीत चिंच शेवटी घालायची हे मला आईनं शिकवलं होतं, पण फ्रेंच नाव ऐकलं आणि अक्कल गहाण पडली.

पुढच्या रविवारी दही वगळलं आणि एकच टोमॅटो, तोही शेवटी. शेवटची पंधरा मिनिटं झाकण काढून ठेवलं, तेव्हा बटाट्यांच्या कडा खरपूस झाल्या. थोडा बटाटा विरघळून रस आपोआप दाट झाला. अव्वांचा वाटा आधी काढून घेतला आणि मीठ मग बाकीच्यात घातलं. ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण आणि मंद आच पुरते, फक्त कुकर नको. भाज्यांचा लगदा होतो.

त्या दिवशी सकाळपासूनच दोघं टेबलाशी होते. अव्वा गाजरं सोलत होत्या. ‘गज्जरी’ म्हणजे गाजर हे आण्णांना कळायला अडचण नव्हती, आणि बटाट्याला त्या ‘बटाटी’च म्हणतात. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला कन्नड कळतच होतं. बोलायचं नाही, एवढाच हट्ट होता.

जेवताना भांडं अव्वांच्या बाजूला होतं. आण्णांचं ताट रिकामं झालेलं बघून त्यांनी पळी उचलली आणि विचारलं, ‘‘हाकलेन्री?’’ वाढू का? हे जेवायचे थांबले. मीही.

‘‘स्वल्प,’’ आण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले, तसे ते माझ्यावर खेकसले, ‘‘बघतेस काय? स्वल्प मराठीतही आहे. स्वल्पविराम शिकवतेस नं पोरांना?’’ आणि अव्वांकडं वळून, ताट पुढं करत, ‘‘बटाटा जरा जास्त.’’