उटनूरला मोह वेचताना

आमच्या सासूबाईंचं, म्हणजे अव्वांचं, सहस्रचंद्रदर्शन येत्या कार्तिकात करायचं ठरलं आणि घरात एका बाटलीवरून वाद सुरू झाला. वाद कसला, अबोलाच म्हणा. आमचा धाकटा शेतकी पदवीधर. अकलूजकडे द्राक्षाच्या बागेत नोकरीला आहे आणि ही द्राक्षं खायची नव्हेत, वाइनची. तो म्हणाला, "आजीच्या कार्याला मी पिकवलेल्या द्राक्षांची एक बाटली उघडायची." हे म्हणजे आमच्या घरात बॉम्ब टाकण्यासारखं. १९९८ साली माझे थोरले दीर गेले. वय चौतीस. कशाने गेले ते गावाला ठाऊक आहे. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत बाटली आलेली नाही. नातवाचं बोलणं अव्वांनी ऐकलं, "बेड" एवढंच म्हणाल्या आणि उठून देवघरात गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, मार्चअखेरीला, आम्ही उटनूरला गेलो. वन्संचे यजमान तिथल्या बँकेत आहेत. अव्वांना लेकीकडे महिनाभर ठेवावं आणि घरातली हवाही जरा बदलावी, एवढाच हेतू होता.

सोलापूरहून उटनूर म्हणजे चांगला लांबचा पल्ला. तुळजापूर, लातूर करत नांदेडला पोचायचं, तिथून किनवटमार्गे रेल्वेने आदिलाबाद आणि पुढे गुडीहतनूर, इंद्रवेल्ली करत पन्नासेक किलोमीटर रस्त्याने. किनवट सोडलं की प्रांत बदलतो, पण भाषा लगेच बदलत नाही. बदलेल कशी? किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते इकडे आले आणि उटनूर तिकडे राहिलं. दुकानात तेलुगू पाटी, गल्ल्यावरचा माणूस मराठी बोलतो, समोरची बाई गोंडीत भाव करते. आपल्या अक्कलकोटच्या बाजाराची आठवण येणारच.

इंद्रवेल्लीच्या आधी केसलापूरचा फाटा लागतो. पुष्य अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातली माणसं अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाला स्नान घालतात. घरात आलेल्या नव्या सुनांची देवाला ओळख करून देण्याचा विधीही याच वेळी होतो. इंद्रवेल्लीत एक स्तंभ आहे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर इथे पोलिसांनी गोळीबार केला होता. अव्वांनी गाडीतूनच हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वन्संनी आम्हांला उठवलं. त्यांच्या घरामागे थोड्या अंतरावर मोहाची चार-पाच झाडं आहेत. पानं जवळजवळ गळून गेलेली आणि खाली पिवळसर पांढऱ्या, मण्यांसारख्या टपोऱ्या फुलांचा सडा. वास गोड आणि जड, जरा डोक्यात चढणारा. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं, म्हणून वेचणीही पहाटेच. ऊन चढलं की फूल सुकायला लागतं, आणि माणसाच्या आधी अस्वल येऊन गेलं तर फूलही नाही आणि झाडाखाली जायची छातीही नाही.

अव्वांनी एक फूल उचलून चिमटीत दाबलं, हुंगलं आणि एकदम ओरडल्या, "अय्यो, हे हिप्पे गिडा!" वन्संची तेलुगू कामवाली हसून म्हणाली, "इप्प, इप्प." हिप्पे आणि इप्प! तिथे टोपली घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या गोंड बाईंना ही गंमत फार आवडली. त्यांना मराठी येत होतं. मग दोघी म्हाताऱ्या आकडे मोजत बसल्या. अव्वा म्हणाल्या, "ओंदु." त्या म्हणाल्या, "उंदी." अव्वांचं मूरु, त्यांचं मुंद. अव्वांचं नाल्कु, त्यांचं नालुंग. शाळेत आम्हांला गोंडी ही द्राविडी भाषा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. अव्वांना ते ऐंशीव्या वर्षी मोहाच्या झाडाखाली कळलं. तसं पाहिलं तर या भागातल्या गोंडांनी अक्षरं गिरवली ती नागरी लिपीत. हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात इथून जवळच मार्लवाईला गोंड मुलांसाठी शिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत काढली होती.

आता मूळ मुद्दा. मी भीत भीत त्या बाईंना विचारलं, "ही सगळी फुलं दारूला जातात का?"

"सगळी कशाला?" त्या म्हणाल्या. "वाळवून खातो, भाजून खातो, लाडू करतो." हे लाडू आम्ही नंतर उटनूरमध्ये विकतही घेतले. आदिवासी बायकांच्या सहकारी गटाने केलेले, मोहफूल, गूळ आणि शेंगदाण्याचे. आश्रमशाळांच्या मुलांनाही ते पोषणासाठी दिले जातात. चवीला बेदाण्याच्या लाडवासारखे, किंचित उग्र. अव्वांनी तीन खाल्ले.

"आणि दारू?"

"ती देवाची." मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या आठवणीप्रमाणे असं: लग्न ठरलं तर लागते, पेरणीला लागते, देवकार्याला लागते, मयतालाही लागते. वाळलेली फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालायची, आंबली की मडक्यात उकळून वाफ थंड करून धार धरायची. पहिले थेंब जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना. मग वडीलधाऱ्यांना. मग बाकीच्यांना. आम्ही भट्टी पाहिली नाही आणि पाहायला मागितलीही नाही. विनापरवाना दारू गाळणं हा गुन्हा आहे आणि पाहुण्यांनी यजमानांना अडचणीत आणू नये. पण कायद्याचं आणि मोहाचं भांडण जुनं आहे हे मला माहीत होतं. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहासाठी कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याकडच्या लोकांना घरात फुलं साठवायचीसुद्धा बंदी झाली. सरकारी ठेक्याची दारू खपावी म्हणून! उलट १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित भागातल्या ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा दारूच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला आहे.

अव्वा इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "देवाची म्हणता, मग तुमच्यात कुणी पिऊन मरत नाही?"

बाईंनी फुलं वेचणं थांबवलं. "मरतात की," त्या म्हणाल्या. "माझा मधला गेला. पण मोहाने नाही. दुकानातली, रोजची. मोहाला हंगाम असतो, कार्य असतं. दुकानाला काय असतं?"

त्यानंतर दोघी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. फुलं मात्र दोघींनीही वेचली.

मी काही मोहाची वकिली करत नाही. घरी गाळलेली दारू किती कडक आहे, त्यात काय उतरलं आहे, हे मोजायला कुणी नसतं. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हणून जिचं कौतुक होतं, तिचा पहिला हिस्सा जाणते कारखानदार बाजूला काढून टाकून देतात, कारण त्यात नको ती द्रव्यं असतात. आणि गाळलेली दारू वेगळी, वाइन वेगळी. वाइन गाळत नाहीत, द्राक्षाचा रस नुसता आंबवतात. म्हणून तिच्यात अल्कोहोल शंभरात बारा-चौदा भागांपर्यंतच. या हिशेबाने अव्वा रोज रात्री जे दोन चमचे द्राक्षासव घेतात, ते वाइनचंच सोवळं भावंड. हे मी उटनूरला रात्री जेवताना म्हटलं. अव्वांनी मला अशा नजरेने पाहिलं, की पुढचे दोन दिवस मी आमटीत मीठ जास्त पडू दिलं नाही!

पण परतल्यावर त्यांनीच नातवाला फोन लावायला सांगितला. "काय आणणार आहेस ते सांग," म्हणाल्या. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यातलं कामाचं तेवढं इथे देते, कारण आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आता हा प्रसंग येतो. बंगळुरूची सून, पुण्याचा जावई, आणि दुकानात गेल्यावर शंभर बाटल्यांपुढे उभं राहून नुसता घाम.

तो म्हणाला, महाग ती चांगली हे डोक्यातून काढून टाका. परदेशी वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षं दीडशे टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली झालेल्या करारानंतर तिथल्या काही महाग बाटल्यांवर ते कमी झालं. म्हणजे परदेशी बाटलीच्या किमतीत बराच भाग कराचा. त्याच पैशात इथली कितीतरी चांगली येते. घरच्या साध्या जेवणासाठी साधारण हजाराच्या आसपासची देशी पांढरी वाइन पुष्कळ झाली. नाशिकची शेनिन ब्लाँ घ्या. ती किंचित गोडसर असते म्हणून आपल्या तिखटाशी जमते. शेंगाची चटणी, काळा मसाला असेल तिथे तुरट लाल वाइन नेऊ नका, तिखट आणखी झोंबतं. लाल हवीच असेल तर मटणाच्या रश्श्यापेक्षा सुक्याबरोबर बरी.

खास प्रसंगाला मात्र गावाचं नाव असलेली बाटली घ्यावी, असं त्याचं म्हणणं. यावर तो जरा भावुक झाला. १९८० च्या दशकात नारायणगावला 'ओमर खय्याम' नावाची फसफसणारी वाइन निघाली आणि भारतीय वाइन परदेशात गेली. नंदी डोंगराजवळ ग्रोव्हर कुटुंबाने बागा लावल्या. नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली आली. नाशिक व्हॅलीच्या वाइनला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ, तीन भावांच्या जोड्यांनी मिळून फ्रातेल्ली काढली. इटालियनमध्ये त्या शब्दाचा अर्थच भाऊ. त्यांची 'सेत्ते' ही खास प्रसंगाची लाल वाइन. महाग आहे, पण ती माळशिरसच्या मातीतली आहे, आणि पाहुण्यांना हे सांगता येतं.

विकत घेताना बाटलीवरचं साल बघा. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात. पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवावी; चार वर्षांची पांढरी स्वस्तात मिळाली तर ती स्वस्त नव्हे, शिळी आहे. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊच नका. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं पुस्तकात लिहितात, ते युरोपातल्या खोलीबद्दल. सोलापूरच्या बेचाळीस अंशांच्या खोलीबद्दल नव्हे. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. पुरणपोळीबरोबर द्यायचीच असेल तर पोळीपेक्षा गोड, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची घ्या, नाहीतर वाइन आंबट लागते.

आणि सीमेवरच्या माणसांसाठी एक: महाराष्ट्रात वाइनला वयाची अट २१ ची, पिण्याचा परवानाही लागतो, आणि कार्यालयात वाढायची असेल तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. इकडची बाटली गाडीत टाकून विजयपूरला कार्याला नेणार असाल तर आधी नियम विचारून घ्या. राज्याची हद्द आपल्याला दिसत नाही, नाक्यावरच्या शिपायाला दिसते.

अव्वांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एका बाटलीत किती माणसं?"

"पाच पेले, आजी. साडेसातशे मिली."

"घेणारे किती आहेत?"

आम्ही मोजलं. नऊ.

"मग दोन पुरे. तिसरी आणायची नाही. पहिले थेंब तुळशीच्या बाहेर, अंगणात ओतायचे. तुझ्या मोठ्या काकाचं नाव घेऊन." फोनवर नातू गप्प झाला. माझे यजमान उठून खिडकीशी गेले. अव्वा पुढे म्हणाल्या, "आणि शेवटी एक पेला उरेल."

"हो, आजी. तो दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये..."

"दुसरा दिवस नाही," अव्वा म्हणाल्या. "उरेल तो त्याच रात्री मोरीत ओतायचा. मी उभी राहून बघणार आहे."