तांदुला

भिलाईकरांच्या वाट्याला समुद्र आला नाही, तांदुलाचा बांध आला. पुरी किंवा विशाखापट्टणमला जायचं तर सुट्टी टाकावी लागते. तांदुलाकडे मात्र रविवारी सकाळी पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीचा डबा भरून गाडी काढावी, दुर्ग सोडून अंडा, गुंडरदेही करत धानाच्या शेतांमधून बालोद गाठावं, की हा म्हातारा तिथे बसलेलाच असतो. सगळी वाट साठेक किलोमीटरची.

स्वभावाने तो अबोल. उंच मातीच्या पाळीमागे असा बसतो की गाडीतून उतरलं तरी पत्ता लागत नाही. मुलं रुसतात, "बाबा, पाणी कुठाय?" बाबा काही न बोलता पाळ चढायला लागतात. आजीचा हात धरून आम्ही मागे. शेवटचं पाऊल वर पडतं आणि एकदम समोर पाणीच पाणी, अंगावर गार वारा. हिवाळ्याच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसतच नाही. पाण्याच्या बाजूला पाळीवर दगड बसवलेले आहेत. वारा सुटला की लाटा त्यांच्यावर फुटतात, दगडांच्या फटींत फेस अडकतो आणि ओल्या कडांवर बोटभर शेवाळ डोलत राहतं. पाणकावळा पंख पसरून उन्हात वाळत बसतो. आजी पायरीपायरीने खाली जाऊन ओंजळभर पाणी डोळ्यांना लावते, आणि मगच डबा उघडू देते.

तांदुलाचं वय शंभरीच्या पुढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत छत्तीसगडने लागोपाठ दुष्काळ सोसले. त्यानंतर इंग्रज सरकारने सिंचनाची कामं हाती घेतली, आणि तांदुला व सूखा या प्रवाहांच्या संगमावर 1912 साली हा बांध पुरा झाला. धानासाठीच तो जन्मला. रोप लागल्यावर पावसाने दडी मारली की खालच्या गावांचे डोळे आजही त्याच्या कालव्याकडे लागतात.

चाळिशी उलटल्यावर त्याच्यावर दुसरी जबाबदारी आली. 1955 मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टीला खनिज लागतं, कोळसा लागतो, तसंच पाणीही लागतं. तिचं कवच सतत पाण्याने थंड ठेवावं लागतं, नाहीतर तीच जळून जाईल. हे पाणी तांदुलाने दिलं. कालव्याने ते मरोद्याच्या तलावात येतं, तिथून कारखान्यात. भिलाईच्या रुळांवरून देशभर गाड्या धावतात. त्या रुळांचं श्रेय राजहऱ्याच्या खाणींना मिळतं, ते योग्यच आहे. पण तांदुलाचं नाव मला कुणाच्या भाषणात ऐकू आलेलं नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता सहलीला बहुतेक जण गंगरेलला जातात. महानदीवरचा तो बांध वयाने कितीतरी लहान, 1978चा; देखणा, चौदा दरवाजांचा, बोटींची चंगळ असलेला. जावं जरूर. मला मात्र हा जुनाच जवळचा. चांगल्या पावसाळ्यात तो छलकतो, सांडव्यावरून पाणी पांढरं होऊन कोसळतं, आणि बालोद-दुर्गची माणसं पोराबाळांसकट ते बघायला लोटतात. त्या दिवशी त्याच्या अबोलपणाची सगळी भरपाई होते.

बाबा मात्र मुद्दाम मे महिन्यातही गाडी काढायचे. आईला ते पटायचं नाही, "एवढ्या उन्हात काय बघायचंय?" पाणी तेव्हा खूप आत सरकलेलं, दगडांवर उतरत्या पातळीच्या रेघा, त्यांच्याखाली भेगाळलेला गाळ. बाबा आम्हाला सगळ्यात वरची रेघ दाखवायचे, मग पाणी. मधलं सगळं धान, पोलाद आणि आपण संपवलं, म्हणायचे. घरी आल्यावर महिनाभर नळ सोडून दात घासायला बंदी असे, पाहुण्यांनासुद्धा.