तंबोऱ्याची पारख

एकाच कारागिरानें, एकाच हंगामाचे भोपळे व एकाच जातीचें लांकूड घेऊन केलेले दोन तंबोरे निरनिराळे बोलतात, हें गाणाऱ्यांस ठाऊक असतें. त्यांतला बरा कोणता हें ज्यानें त्यानें आपल्या कानानें ठरवावयाचें; आणि कान तर दुकानांत हमखास फसतो.

मिरजेस ही पारख करण्याची सोय उत्तम आहे. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. सन २०२४ मध्यें तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि लाभलें. आम्हांस त्याचा आनंदच आहे. परंतु तें चिन्ह वस्तु कोठली हें सांगतें, समोरच्या दोहोंपैकीं कोणती उचलावी हें सांगत नाहीं!

आमच्या भाचीसाठीं असे दोन तंबोरे आम्हीं तेथें ऐकले, दोन्ही बायकांच्या पट्टीचे. पैसे तिनें शिकवण्या करून सांठविलेले. पुन्हां दुसरा घेण्याची ऐपत तिची नव्हती आणि आमचीहि नाहीं. पहिला छेडतांच खोली भरून गेली. दुसरा आंतल्या आवाजाचा. त्याची खर्जाची तार सुटली कीं क्षणभर कांहींच घडत नाहींसें वाटे, आणि मग तिच्या पोटांतून गांधार हळूच वर येई.

हा गांधार कोणी छेडलेला नसतो. तो जव्हारीचा प्रसाद. तंबोऱ्याची घोडी सपाट माथ्याची असल्यामुळें कंप पावणारी तार तिला घासत राहते, आणि खालीं सारलेला सुताचा जीव केंसभर सरकला तरी सारा नाद पालटतो. ज्या बिंदूवर तार छेडली असतां कांहीं उपस्वर उमटूंच नयेत, तेथें छेडूनहि ते तंबोऱ्यांत उमटतात, असें वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस यानें १८६२ मध्यें पाठ व कुशी पुठ्ठ्याच्या करून केवळ वरची फळी लांकडाची ठेवलेली एक गिटार बनविली. गिटारीचा प्राण त्या फळींत आहे, हें त्याला सिद्ध करावयाचें होतें. तंबोऱ्याचा प्राण आम्ही घोडींत मानतों.

शेवटीं आम्हीं भाचीस षड्ज लावावयास सांगितलें. पहिल्याबरोबर तिला स्वतःचा आवाज ऐकूं येईना, म्हणून ती ओढून गाऊं लागली. दुसऱ्याबरोबर तिचा आवाज तारांत असा मिसळला कीं, ती थांबली तें आमच्या उशिरां ध्यानांत आलें. तिनें दुसरा घेतला. कारागीर हंसून म्हणाला, “ताई, पहिल्याची जव्हारीहि अशी काढून देतों कीं!” तो खरेंच बोलत होता, म्हणून आम्हीं त्यास तिथेंच विचारून ठेवलें कीं, हिची जव्हारी झिजली म्हणजे काय करावयाचें. विजेच्या पेटींतल्या तंबोऱ्यास ही अडचण नाहीं. येथें मात्र तारांनीं घोडीवर चरे पडतात, नाद बसतो, आणि कानसेनें माथा पुन्हां घासणारा हात शोधावा लागतो.

“घेऊन या,” तो म्हणाला, “मी नसलों तर मुलगा करील.” मुलगा शेजारींच बसला होता, आमची भाची त्याच्या बोटांकडे पाहत होती.